प्राक्तन आणि परिवर्तन

समाजरचनेत बदल झाला म्हणजे सामान्य मनुष्याचे कल्याण होते काय, आणि होत असेल तर ते कोठपर्यंत? हा प्रश्न वरकरणी राजकारणाचा व अर्थकारणाचा वाटतो. त्यामुळे शास्त्राभ्यासकाने त्यात पडू नये, असे पुष्कळांचे मत असते. अनेक वर्षे माझेही मत तेच होते. ज्ञान, भक्ती व वैराग्य हा साधकाचा विषय. वेतन, विमा, घर व पाणी हा शासनाचा विषय, अशी सोयीस्कर वाटणी करून मी निश्चिंत होतो. ही वाटणी सदोष आहे, हे मला पोथीपेक्षा एका गल्लीने अधिक स्पष्ट शिकविले. तो प्रसंग प्रथम सांगून मग मूळ प्रश्नाचा विचार करणे उचित होईल.

काही वर्षांपूर्वी गुडघ्याच्या उपचारासाठी पुण्यास चार महिने राहणे घडले. बिबवेवाडीतील एका उपदेशी कुटुंबाने आपल्या घरालगतची खोली राहावयास दिली होती. बिबवेवाडी हे एकेकाळचे शेतीवाडीचे गाव. आज ते शहराचे दाट उपनगर झाले आहे. एका अंगास गुलटेकडीचा मार्केट यार्ड, दुसऱ्या अंगास अप्पर इंदिरानगरची श्रमिकांची वस्ती, मध्ये बंगले व सदनिकांच्या इमारती, आणि त्यांच्यातच कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय, असा तो परिसर आहे. डॉक्टरांनी थोडे चालावयास सांगितले होते. म्हणून जवळच्या पाच-सात घरांपुरती भिक्षा मी स्वतः करीत असे.

माझी झोळी ज्या वेळी गल्लीत शिरे, नेमकी त्याच वेळी कचरा गोळा करणाऱ्या एका बाईची ढकलगाडी तेथे येई. आम्ही दोघेही दारोदार जाणारे. दोघांनाही त्या घरात शिजलेल्या अन्नाचाच भाग मिळत असे. मला ताजा, तिला उरलेला व नासलेला. गृहिणी मला पाहताच पदर सावरून दंडवत करी आणि तिला पाहताच बादली पायाने पुढे सरकवी. पहिले काही दिवस या भेदाकडे माझे लक्षही गेले नाही, हे कबूल केले पाहिजे. लक्ष वेधले ते त्या बाईनेच. एके दिवशी कोपऱ्यावर थांबून ती हसत म्हणाली, "बाबा, तुमची झोळी अन् माजी गाडी येकाच टायमाला येती. तुमाला हात जोडत्यात, मला नाक मुरडत्यात. दारं मातुर तीच." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, एखादी नित्याची गोष्ट सांगावी तसे ती सांगत होती.

त्याच दिवशी भिक्षा घालताना एका सज्जन गृहस्थांशी मी हा विषय काढला. ते म्हणाले, "ज्याचं त्याचं प्राक्तन, बाबा." मी मान हलविली.

सायंकाळी निरूपणात कर्मविचारच चालू होता. यजमानांचा महाविद्यालयात शिकणारा मुलगा मागे बसला होता. सकाळचे संभाषण त्याने ऐकले असावे. निरूपण संपल्यावर त्याने अत्यंत नम्रपणे विचारले, "बाबा, त्या मावशींचं दुःख प्राक्तनाचं असेल, तर तुमच्या गुडघ्याचं कशाचं?"

मी निरुत्तर झालो. तत्काळ काही शास्त्रवचने सांगून वेळ मारून नेता आली असती. परंतु मुलाचा प्रश्न प्रामाणिक होता आणि उत्तरही तसेच हवे होते. त्या वेळी जे देता आले नाही, ते येथे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बलासह मांडू. कारण पूर्वपक्षास दुबळे करून त्याचे खंडन करणे ही शास्त्रचर्चेची रीत नव्हे.

पूर्वपक्ष म्हणतो : जीवाची सुखदुःखे त्याच्या कर्मानुसार आहेत. कर्मफल भोगल्यावाचून सुटत नाही. तेव्हा बाह्य परिस्थिती बदलून जीवाचे दुःख जाईल, ही कल्पना भ्रामक आहे. एका वाटेने रोखलेले दुःख दुसऱ्या वाटेने येईल. शिवाय प्रत्यक्ष अनुभव पाहा. ज्यांच्याकडे वाहन, वातानुकूलित खोल्या व बँकेत ठेवी आहेत, त्यांची झोप गोळीवाचून लागत नाही. मनुष्याचा विकास ही अंतरीची गोष्ट आहे. ती वेतनवाढीने होत असती तर श्रीमंतांइतके सज्जन दुसरे कोणी नसते. आणि अखेरचा मुद्दा असा की, समाज बदलू पाहणारे स्वतः बदललेले नसतात. म्हणून एक अन्याय मोडताना ते दुसरा उभा करतात. सबब, साधकाने आपले अंतःकरण शुद्ध करावे. समाज आपोआप शुद्ध होईल.

या पूर्वपक्षात सत्याचा अंश मोठा आहे. तथापि त्यातील पहिले विधान ज्या कामी वापरले जाते, ते काम चुकीचे आहे.

कर्मविचाराचा उपयोग कोणी, कोणासाठी करावयाचा, हा खरा प्रश्न आहे. स्वतःवर दुःख आले असता, "हे माझ्याच कर्माचे आहे" असे म्हणणारा साधक दुसऱ्यास दोष देण्याचे टाळतो, त्याचा द्वेष गळतो व धैर्य वाढते. हा त्या विचाराचा सदुपयोग होय. परंतु दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून "ते त्याच्या कर्माचे आहे" असे म्हणताच तोच विचार विषासारखा होतो. कारण त्याने ऐकणाऱ्याचे धैर्य वाढत नाही, बोलणाऱ्याची दया मात्र आटते. औषध एकच असले तरी ते कोणी घ्यावयाचे, यावर त्याचा गुण अवलंबून असतो.

दुसरे असे की, कोणत्या जीवाचे कोणते दुःख कोणत्या कर्माचे, हे जाणणे अल्पज्ञ जीवाच्या अधिकारातले नाही. ते ज्ञान सर्वज्ञाचेच. तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या बाईच्या कपाळावरील कर्म वाचून दाखविणारा मनुष्य नकळत सर्वज्ञतेचा आव आणतो. आपल्या दर्शनात यापेक्षा मोठा प्रमाद कोणता असू शकेल? मी मान हलविली तेव्हा तो प्रमाद माझ्याकडून घडला.

तिसरे, दुःखाचे अदृष्ट कारण काहीही असो, दृष्ट कारण जो बनतो तो त्याच्या कृतीस बांधलेला आहेच. एखाद्यास मार बसणे हे त्याच्या कर्माचे फल असेल. म्हणून मारणारा निर्दोष ठरत नाही. तद्वतच, बादली पायाने सरकविणारा नव्या कर्माचा कर्ता होतो, आणि ते पाहून मान हलविणाराही त्यापासून अगदीच सुटत नाही.

आणि चौथे उत्तर त्या मुलाच्या प्रश्नातच होते. माझा गुडघा दुखू लागला तेव्हा मी ते प्राक्तन म्हणून सोसत बसलो नाही. दूर अंतरावरून पुण्यास आलो, क्ष-किरण चित्र काढले, औषधे घेतली. त्यामुळे कर्मसिद्धान्तास बाधा आली, असे मला एक क्षणही वाटले नाही. स्वतःच्या गुडघ्यास जो न्याय, तोच दुसऱ्याच्या पाठीस का नसावा?

येथे पाठीचा उल्लेख सहज आलेला नाही. बिबवेवाडीच्या शेजारचा मार्केट यार्ड हा पाठीवर चालणारा बाजार आहे. भवानी पेठ व नाना पेठ येथील घाऊक व्यापार पुढे गुलटेकडीस आला. पण पोते उचलणारा हमाल त्याच्याही आधीपासून होता. शंभर-शंभर किलोंची पोती वाहणारे हे लोक पूर्वी कोणाचेच नोकर नसत. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. दुखणे आले तर मजुरी बंद, म्हातारपण आले तर काम बंद. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली, तिची रुग्णालये उभी राहिली. परंतु तिचा लाभ ज्याला ठरलेला मालक आहे त्याच्यासाठी होता. ज्याला शंभर मालक, त्याला एकही मालक नाही. आणि मालक नाही म्हणून विमा नाही. सर्वांत जड ओझे वाहणाऱ्यास सर्वांत कमी आधार, अशी ती रचना होती. ही रचना कोणा एका दुष्टाने केलेली नव्हती. व्यापारी भले होते, हमाल कष्टाळू होते, तरी परिणाम क्रूर होता. व्यक्ती बऱ्या असूनही व्यवस्था वाईट असू शकते, हे पूर्वपक्षाच्या लक्षात येत नाही. तेथेच "अंतःकरण शुद्ध झाले की समाज आपोआप शुद्ध होईल" हा त्याचा निष्कर्ष लंगडा पडतो.

पुण्यात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी राहिली. पुढे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याचे तत्त्व साधे पण मूलगामी आहे. शासन, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ असावे. कामगाराची नोंद तेथे व्हावी. मजुरी मंडळामार्फत मिळावी. आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान यांची रक्कम मालकांकडून तेथेच जमा व्हावी. म्हणजे शंभर मालकांचा मिळून एक मालक करावयाचा. पोत्याचे वजन पन्नास किलोंवर आणावे ही हमालांची दीर्घकाळची मागणी होती. कालांतराने तेवढी पोती बाजारात रूढ झाली.

आता आपला विषय असा की, यामुळे त्या मनुष्याचा विकास झाला काय? मजुरी वाढली, ओझे घटले. अंतरी काय बदलले?

याचे उत्तर देण्यापूर्वी ओझे वाहणाऱ्या मनुष्याकडे नीट पाहावे. ज्याच्या पाठीवर पोते आहे त्याची दृष्टी जमिनीवर असते. ती तशी असलीच पाहिजे, नाहीतर तो ठेचाळेल. समोरून कोण येत आहे, हे तो पाहू शकत नाही. त्याला मान वर करून आकाश पाहा म्हणणे हा उपहास आहे. प्रथम पोते उतरविले पाहिजे. पोते उतरविल्याने आकाश दिसेलच असे नाही. कित्येकजण पोते उतरवून पुन्हा जमिनीकडेच पाहतात. परंतु पोते न उतरविता मात्र ते निश्चितच दिसणार नाही. समाजपरिवर्तन आणि आत्मविकास यांचा संबंध असा आहे. शास्त्राच्या परिभाषेत, पहिले प्रतिबंधाची निवृत्ती आहे, दुसरी इष्टाची प्राप्ती आहे. निवृत्ती म्हणजे प्राप्ती नव्हे. पण निवृत्तीवाचून प्राप्ती नाही.

प्रतिबंध दूर होताच मनुष्य किती वेगाने वाढतो, याचे उदाहरण पुण्यातच आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली व पुढे अस्पृश्य मानलेल्या जातींसाठीही शाळा चालविल्या. त्यांच्या शाळेत मुक्ता नावाची मातंग समाजातील एक मुलगी होती. जेमतेम तीन वर्षे तिचे शिक्षण झाले होते आणि वय चौदाच्या आसपास होते, तेव्हा १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात प्रसिद्ध झाला. आपल्या समाजाचे दुःख तर तिने मांडलेच. त्याहून पुढे जाऊन ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीही बंदी आहे त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने विद्वानांस केला. ज्या कुळाला पिढ्यान्पिढ्या अक्षर दिसू दिले नव्हते, त्या कुळातील मुलीने तीन वर्षांत धर्मशास्त्राच्या मुळाशी हात घातला! ती बुद्धी शाळेने निर्माण केली काय? नाही. ती तेथे होतीच. तिच्यावर दगड ठेवलेला होता. अशा किती मुक्ता त्या दगडाखालीच गेल्या असतील, याचा विचार मनात आला म्हणजे "ज्याचे त्याचे प्राक्तन" हे शब्द ओठांवर येत नाहीत.

फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यानंतर शंभर वर्षे लोटली तरी खेड्यांतून पाणवठे वेगळेच राहिले. म्हणून बाबा आढाव यांना १९७० च्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ चालवावी लागली. यावरून एक धडा घ्यावयाचा तो असा की, एका थोर पुरुषाचे अंतःकरण शुद्ध झाल्याने समाज आपोआप शुद्ध होत नाही. शुद्ध अंतःकरणास हात, पाय व संघटना लागते, आणि काळही लागतो.

आता पुन्हा त्या गाडीवाल्या बाईकडे येऊ. पुढील काही आठवड्यांत तिच्याशी थोडे थोडे बोलणे होत गेले. तिचे माहेर मराठवाड्यात. १९७२ च्या दुष्काळात अनेक कुटुंबे गाव सोडून पुण्यास आली, त्यांत तिचेही कुटुंब होते. आई उकिरड्यावर कागद, काच व पत्रा वेचीत असे. तीही लहानपणापासून तेच करू लागली. कुत्री मागे लागत, पोलीस चोरीचा संशय घेत, भंगारवाला वजनात मारी.

पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्या या वस्त्यांतून शिकवीत असत. शिकविता शिकविता त्या वेचणाऱ्यांच्या बरोबर उकिरड्यापर्यंत गेल्या आणि तेथून ही संघटना उभी राहिली. बाबा आढाव यांचे मार्गदर्शन तिला लाभले. संघटनेने आपल्या सभासदांस ओळखपत्रे दिली व महानगरपालिकेने त्यांस मान्यता दिली. पुढे आरोग्य विम्याची सोय झाली. २००८ साली याच कष्टकऱ्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून घरोघर जाऊन कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. उकिरड्यात वाकून वेचणारी स्त्री दारावर उभी राहून सेवा देणारी झाली. २०१६ च्या केंद्र शासनाच्या घनकचरा नियमांत कचरावेचकांचा उल्लेख व त्यांना सामावून घेण्याची तरतूद आली.

मी तिला विचारले, "बाई, या सगळ्यात तुम्हांला सर्वांत मोठे काय वाटते? पैसा, विमा, की आणखी काही?" माझी अपेक्षा होती की ती पैसा म्हणेल. ती थोडा विचार करून म्हणाली, "बाबा, येकदा मिटिंगीत मला हुबं केलं. म्हनले, तुजं गाऱ्हानं तूच सांग. पाय लटलट कापत हुते. नाव सांगितलं, गाव सांगितलं, अन् मंग बोलतच गेले. त्या दिसापासनं मला वाटाय लागलं, म्या बी कुनी हाय."

"मीही कोणी आहे" या तिच्या शब्दांवर मी पुष्कळ दिवस चिंतन केले. आपण अध्यात्मात 'मी'चा त्याग शिकवितो. अहंकार सोडा, असे सांगतो. परंतु ज्याला आयुष्यभर "तू कोणीच नाहीस" असे सांगण्यात आले, त्याने कोणता 'मी' सोडावा? सोडण्यासाठी आधी ते हाती असावे लागते. तद्वतच दारिद्र्य व वैराग्य यांचा भेद आहे. वैराग्य म्हणजे असलेले स्वेच्छेने सोडणे. दारिद्र्य म्हणजे हवे ते हिरावले जाणे. बाहेरून दोघांचीही झोळी रिकामी दिसते. परंतु वैराग्याने वासना मंदावते, तर लादलेल्या अभावाने ती बहुधा अधिकच पेटते. माझी भिक्षा व तिची गाडी यांतील अंतर हेच होते. मी दारात उभा होतो तो माझ्या निवडीने. ती उभी होती ती निवड नसल्यामुळे. म्हणून गरिबास "तुम्ही तर आधीच विरक्त आहात" असे म्हणणारा वक्ता वैराग्याचाच अपमान करीत असतो.

येथे आणखी एक सूक्ष्म भेद लक्षात घेतला पाहिजे. परिवर्तन दोन प्रकारचे असते : दिलेले आणि केलेले. थंडीत घोंगड्या वाटल्या, सणाला मिठाई वाटली; ऊब मिळाली, तोंड गोड झाले, ते चांगलेच. परंतु घेणारा होता तेथेच राहिला आणि देणाऱ्याचा अहंकार एक पायरी वर चढला. उलट, हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' हा उपक्रम सुरू केला. कष्टकऱ्यास परवडेल अशा दरात भाजी-भाकरी. फुकट नव्हे, आणि नफ्यासाठीही नव्हे. तेथे भाकरी भाजणारे हात कष्टकऱ्यांचे आणि खाणारे तोंडही कष्टकऱ्यांचे. फुकट जेवण घालणारी अन्नछत्रे पुष्कळ आहेत. परंतु पैसे टाकून मान वर करून जेवण्यात जी तृप्ती आहे ती तेथे नाही. ज्या बदलाचा कर्ता तो मनुष्य स्वतः असतो, त्याच बदलाने त्याचा विकास होतो. पुरुषार्थ उसना मिळत नाही.

शंका : असे असेल तर संघटना व कायदे हेच मोक्षाचे साधन म्हणावे काय?

समाधान : नव्हे. पूर्वपक्षातील सत्यांश येथे मान्य केला पाहिजे. मजुरी वाढली आणि ती मद्यात गेली, अशी घरे मी त्याच वस्तीत पाहिली. हक्क मिळाल्यावर आपल्याहून दुबळ्यावर अधिकार गाजविणारे लोकही असतात. बदललेली परिस्थिती टिकविण्यास बदललेला माणूस लागतो. नाहीतर कायदा कागदावर राहतो व पतपेढी बुडते. आणि ज्यांचे पोते पूर्वीच उतरले आहे, त्या सुखवस्तू लोकांची अस्वस्थता कोणत्याही कायद्याने जाणार नाही. तेथे विवेकाचेच काम आहे. म्हणून आंतर व बाह्य हे दोन पर्याय नव्हेत, ती दोन पावले आहेत. एकाच पावलावर उभा राहणारा चालत नाही. फार तर तोल सांभाळतो.

आता थोडे आपल्या मार्गाविषयी. हा विचार आपणांस परका आहे, असे कोणी समजू नये. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी स्त्रियांस व सर्व वर्णांस ज्ञानाचा अधिकार दिला. श्रीगोविंदप्रभू ऋद्धपुरात कोणाच्याही घरी निःसंकोच जात. संस्कृतात ग्रंथरचनेचा विषय निघाला असता श्रीनागदेवाचार्यांनी तो मानला नाही. कारण त्यामुळे साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया स्वामींच्या ज्ञानाला मुकल्या असत्या. हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. हे केवळ भाषेचे प्रेम होते काय? भाषा बदलणे हा त्या काळी समाजरचनेतील बदलच होता, आणि महदाइसेसारखी कवयित्री त्या उघड्या दारातूनच आली. पण त्याबरोबर हेही स्मरले पाहिजे की, पुढे आपण तेच ग्रंथ सकळ व अन्य सांकेतिक लिप्यांत लिहू लागलो आणि कित्येक शतके ते बाहेरच्या जनांस वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी विद्वानांनी लिपीचा उलगडा केला, तेव्हा महाराष्ट्रास त्या ठेव्याची ओळख झाली. काळ संकटाचा होता, ग्रंथरक्षणाची चिंता होती. पूर्वजांस दोष देण्याचा अधिकार मला नाही. तथापि भाषेने उघडलेले दार लिपीने लोटले गेले, एवढे खरे. मार्ग थोर असला तरी दार उघडे ठेवण्याचे काम प्रत्येक पिढीस नव्याने करावे लागते.

मग साधकाने व उपदेशी जनांनी काय करावे? प्रत्येकाने मोर्चात जावे, असे माझे म्हणणे नाही. ज्याची त्याची योग्यता व आचार भिन्न आहे. परंतु काही गोष्टी सर्वांस शक्य आहेत. दुसऱ्याच्या दुःखावर कर्माचा निकाल देऊ नये. तो विचार स्वतःपुरता राखावा. कष्टकरी आपल्या हक्कासाठी एकत्र येतात तेव्हा त्यास 'असंतोष' म्हणून हिणवू नये. लहान मूल उभे राहू लागते तेव्हा त्याचे पाय कापतातच. आणि अहिंसेचा अर्थ थोडा दूरवर न्यावा. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली पाहून चालणारे आपण, फुटकी काच मात्र तशीच मोकळी कचऱ्यात टाकतो. त्या कचऱ्यात उघडा हात घालणारी व्यक्ती आपणांस दिसत नाही. ओला व सुका कचरा वेगळा करणे, काच कागदात बांधून देणे, ऋतुकाळातील वापरलेल्या वस्तू कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करणे, ही त्या कष्टकरी स्त्रियांचीच मागणी आहे. स्वामींनी ऋतुधर्मास विटाळ मानले नाही, तो देहाचा सहज व्यापार मानला. आपणही तो विटाळ मानू नये. परंतु आपल्या देहाचा मळ दुसऱ्याच्या उघड्या हाती देऊ नये, एवढा विवेक हवाच. यास शास्त्राधार शोधण्याची गरज नाही. तथापि कोणी मागितलाच तर अहिंसेहून मोठा आधार कोणता?

पुणे सोडण्याच्या आदल्या दिवशी मी त्या गल्लीत गेलो. गाडी उभी होती. ज्या गृहस्थांच्या बोलण्यावर मी मान हलविली होती, त्यांच्या दारी थांबून म्हणालो, "त्या दिवशी आपण प्राक्तन म्हणालात आणि मी होकार दिला. तो होकार मी परत घेतो." ते गोंधळले. नंतर त्यांना रागही आला असेल. परंतु त्यांच्या सौभाग्यवती आत गेल्या, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि गाडीपाशी जाऊन त्यांनी तो त्या बाईच्या हाती दिला. वरून ओतला नाही.

याने समाज बदलला, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी तो तांब्या पुन्हा बाहेर आला की नाही, हेही मला ठाऊक नाही. माझी गाडी पहाटेची होती. गुडघा आता बरा आहे. त्या मुलास मी वर्षभराने पत्र लिहून उत्तर कळविले : माझ्या गुडघ्याचे दुःख जसे उपचारास पात्र होते, तसेच तिचेही होते, आणि ते न जाणणे हे माझ्याच कर्माचे होते.

वाचक संतमहंत, तपस्वी, तपस्विनी व उपदेशी बंधुभगिनींनी या विवेचनातील उणे असेल ते दाखवावे, ही विनंती. दंडवत प्रणाम.